कुठी थांबलं ते सांग

वहिनी,

तू गेल्याच्या नवव्या दिवशी लोकांनी तुझा कॉम्प्युटरही मेला असं ठरवून टाकलं. ठरवणारा चंद्रपूरहून मोटारसायकलवर आला होता. त्याने डब्यावरचं बटन चारदा दाबलं, मागे वाकून वास घेतला, खिशातून पेचकस काढला आणि न वापरताच परत ठेवला. मग भाऊकडे बघून म्हणाला, "बोर्ड गेला भाऊ. मेलं हे. अन् हे घरीच जोडलेलं दिसते. कोणाचं काम आहे?"

भाऊ जमिनीकडे बघत राहिला. माझा थोरला भाऊ आणि तुझा नवरा, पण तू गेल्यापासून तो कुणाचाच कोणी नसल्यासारखा बसतो. मग मीच बोलले. म्हटलं, जिचं काम आहे तिचा फोटो तुमच्या पाठीमागं आहे. त्याने वळून पाहिलं आणि पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठला. जाताजाता सांगून गेला की डबा चंद्रपूरला पाठवा, आतली हार्डडिस्क वाचते का पाहतो, आठ-दहा दिवस लागतील, बाकीचं भंगारात देऊन टाका. भाऊने मान हलवली. तो हल्ली सगळ्यालाच मान हलवतो.

बोर्ड गेला म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. 'मेलं' म्हटल्याचा राग आला. या घरात यंत्राला तो शब्द लावायची बंदी होती. मिक्सर असो, पंखा असो, शेजारणीचा मोबाइल असो, कोणी 'मेलं' म्हटलं की तू हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघायचीस. "मेलं म्हणू नको. कुठी थांबलं ते सांग." अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकलं आणि खरं सांगते, शेवटी शेवटी मला त्याचा वीट आला होता. आता ते कानावर पडणार नाही म्हणून मी रडत बसले असते, पण तेवढी सवड नव्हती. रविवारी वडशाच्या नाटक कंपनीत तालीम उभी राहणार होती, आणि आपल्या नाटकाचा तिसरा अंक अख्ख्या जगात फक्त त्या डब्यात होता.

कागदावर तो कुठेच नव्हता, हा दोष माझा. मी नवऱ्याचं घर सोडून सावली गावाला तुमच्याकडे आले, तेव्हा माझ्याजवळ एक कपड्यांची पिशवी आणि डोक्यात पाठ असलेली पंधरा-वीस नाटकं होती. दरवर्षी हिवाळ्यात मी झाडीपट्टीच्या नाटकांसोबत गावोगाव फिरते. पडद्याआड बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवते. दुसऱ्यांची वाक्यं पुरवता पुरवता स्वतःची सुचायला लागली, पण पेन हातात घेतलं की माझी पात्रं गप्प बसतात. बोलत सुटले तरच ती बोलतात. हे तुला कळलं त्या दिवशी तू म्हणालीस, "मंग बोल ना. माही बोटं काय फक्त वांगे चिरायले आहेत?"

आणि बोटं होती बाई तुझी. मी चुलीपाशी फेऱ्या मारत रडायचे, भांडायचे, पंचाचा आवाज काढायचे, नायिकेचा काढायचे, आणि तू बाहेरच्या खोलीत पडद्याकडे बघत टाइप करत असायचीस. मी यायच्या आधीच तुझं यंत्र सुरू झालेलं असायचं. ते सुरू करायचं काम मी अकरा वर्षांत एकदाही केलं नाही. बिघडलं की मात्र मला बोलावणं यायचं, मोबाइलची बॅटरी धरायला. तू आत हात घालायचीस आणि मी उजेड पाडायचे. "इकडं नाई, तिकडं. तुले काय मी पिक्चर दाखवून राह्यली? वायरकडं धर."

ते यंत्र तू जोडलंस त्याची गोष्ट मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे. लोक सांत्वनाला येतात आणि ही गोष्ट ऐकून जातात. डबा मूल गावच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. पडदा कुणाच्या तरी शाळेतून निघालेला. बोर्ड तू स्वतः नागपूरहून आणलास, एसटीत सगळा रस्ता मांडीवर घेऊन, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरत. दुकानात माणसाने विचारलं होतं, "साहेब कुठी आहेत?" आणि तू म्हणालीस, "साहेब धान लावून राह्यले. तुम्ही मले प्रोसेसर दाखवा."

पहिल्या दिवशी बटन दाबलं आणि काहीच झालं नाही, हेही मी सांगते, लपवत नाही. अर्धी गल्ली बघायला आली होती. भाऊ हळूच म्हणाला, "मेलं वाटते." तेव्हा तू पहिल्यांदा ते वाक्य बोललीस. सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवलंस आणि भिंतीपासून सुरुवात केलीस. तुझा नियमच होता, पोटात हात घालण्याआधी भिंतीले विचार. भिंतीत वीज आहे का, मग वायर धड आहे का, मग डबा. दुसऱ्या दिवशी दुपारी तुला सापडलं की बोर्डावरचा तो चोवीस तारांचा मोठा प्लग अर्धाच बसला होता. तू अंगठ्याने दाबलास, टक असा आवाज झाला, आणि पंखा फिरला. गल्लीला परत चहा पाजलास.

पण वहिनी, एवढी पायरीपायरीने विचारणारी तू, स्वतःला एक प्रश्न विचारला नाहीस. त्या सकाळी तिसऱ्या अंकाचं शेवटचं टोक चाललं होतं. माझी नायिका पंचांसमोर उभी होती. मधेच तू टाइप करायची थांबलीस आणि म्हणालीस, "छातीत भरून आल्यासारखं वाटते. गॅस असन. बाकीचं उद्या करू." आधी फाइल सेव्ह केलीस, मग यंत्र नीट बंद केलंस, आणि मग मला ओवा मागितलास. या क्रमाने. मी ओवा दिला. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणालीस, "एवढ्यासाठी कोण जाते?" भाऊ शेतातून धावत येईपर्यंत तू गेली होतीस. हे मी तुला माफ करणार नाही. मिक्सर घरघरला तरी त्याला उघडून बघायचीस, आणि स्वतःच्या छातीला ओवा. मी ओवा दिला हे मी स्वतःलाही माफ करणार नाही, म्हणजे आपण दोघी सारख्याच.

त्याआधीचे चार दिवस आपण भांडत होतो, हे या लोकांना मी सांगत नाही. भांडण नावावरून होतं. पहिले दोन अंक तू पेनड्राइव्हवर घालून वडशाला पाठवलेस, आणि पहिल्या पानावर माझं नाव टाकलंस, 'माया'. नुसतं माया. नवऱ्याचं नाही, बापाचंही नाही. नाटक कंपनीच्या मॅनेजरचा लगेच फोन आला. "मायाबाई, नाटक चांगलं आहे. पण बाईनं लिवलं म्हटलं तं गावचे मंडळं बुकिंग करत नाई. आपण एखाद्या नामी माणसाचं नाव टाकू. तुमचं काम तं आहेच पडद्यामागचं." मी हो म्हणून टाकलं. मला नाटक उभं राहायला हवं होतं, नाव कुणाचंही चालेल असं मी तुला सांगितलं. तू फणकारलीस.

"तुले चालते. मले नाई चालत. टाइप मी केलं आहे."

"नाटक माझं आहे ना वहिनी?"

"मंग तसं लिव ना त्याच्यावर. दुसऱ्याचं काऊन लिवू?"

चार दिवस तू मला भाजी वाढलीस, पण बोलली नाहीस. पाचव्या दिवशी सकाळी मी परत म्हटलं, ते नाव काढ, तिसरा अंक पाठवायचा आहे. तू पडद्याकडे बघत म्हणालीस, "काढलं." तुझा आवाज इतका सरळ होता की मी बघितलंही नाही. तीच ती सकाळ, ओव्याची.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी यायचे म्हणून बाहेरची खोली रिकामी करायची होती, आणि बुद्धाची मूर्ती आणि तुझा फोटो ठेवायला मोठं टेबल हवं होतं. घरात मोठं टेबल एकच, तुझं. कॉम्प्युटर खाली उतरवला, टेबल आडवं करून दारातून काढलं, धुतलं, पांढरं कापड घालून मांडवात ठेवलं. सगळ्यांनी हात लावला. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, लोक जेवले. आठव्या दिवशी टेबल जागेवर आणलं, कॉम्प्युटर त्यावर चढवला, मी आयुष्यात पहिल्यांदा डब्यावरचं बटन दाबलं, आणि काही झालं नाही. नवव्या दिवशी तो चंद्रपूरवाला आला. दहाव्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, भंगारवाल्याची हाक गल्लीत ऐकू आली आणि भाऊ म्हणाला, "देऊन टाकू का माया? पाहवत नाई मले." तेव्हा मी दाराला आतून कडी घातली.

तू असतीस तर हसली असतीस. उजेड धरायला कोणी नव्हतं म्हणून मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. आधी भिंतीला विचारलं. टेबललॅम्प लावून बघितला, पेटला. मग वायर. तीच वायर प्रिंटरला लावली, प्रिंटर खडखडला. मग डबा उघडला. आत धूळ नव्हती, तू नागपंचमीला साफ केला होतास. आत ती लोखंडी पेटी असते, घरातली वीज घेऊन यंत्राला झेपेल एवढी करून देणारी. तुझ्या ड्रॉवरमध्ये ती तपासायला ठेवलेला केसांचा आकडा सापडला, वरचा काळा रंग ब्लेडने खरवडलेला. वायर काढली, चोवीस तारांचा प्लग बोर्डावरून सोडवला, हिरव्या तारेच्या आणि काळ्या तारेच्या घरात आकड्याची दोन टोकं घातली, तू घालायचीस तशी, आणि मग वीज सुरू केली. पेटीचा पंखा फिरला.

मी जमिनीवर बसून त्या पंख्याकडे बघत राहिले. भाऊ दाराबाहेरून विचारत होता, काय झालं. मी म्हटलं, भिंत जिवंत आहे, वायर जिवंत आहे, पेटी जिवंत आहे. तो म्हणाला, "मंग मेलं काय?" मी तुझ्या आवाजात ओरडले त्याच्यावर. तुझं वाक्य जसंच्या तसं.

वीज बंद करून प्लग परत बोर्डावर बसवला, टक होईपर्यंत दाबला. मग एक गोष्ट दिसली. डब्यावरच्या बटनापासून निघालेल्या तारा बोर्डापर्यंत पोचतच नव्हत्या. त्यांची गुंडाळी करून तू चिकटपट्टीने बाजूला डकवली होतीस. बोर्डावर त्या बटनाच्या जागी दुसऱ्याच दोन बारीक तारा होत्या, एक तांबडी, एक काळी. त्या डब्याच्या मागच्या भोकातून बाहेर पडत होत्या. मी त्यांच्यामागे गेले, हाताने चाचपत. टेबलामागे वीतभर जाऊन त्या संपल्या. ब्लेडने कापलेली टोकं, ताजी.

तेव्हा मला तुझा फोन आठवला. गेल्या हिवाळ्यात मी दौऱ्यावर होते. तू सांगितलं होतंस, "डब्याचं बटन अटकून राह्यलं, मी दुसरं बसवलं." मी म्हटलं होतं, बरं. पुढे विचारलं नव्हतं. टेबलाखाली डावीकडे हात घालून तू काहीतरी दाबायचीस, ते मी रोज बघत होते, आणि मला वाटायचं तो स्टॅबिलायझरचा खटका असेल.

मी कडी काढली. भाऊ ओट्यावर बसला होता. मी विचारलं, "भाऊ, टेबलाखाली काही होतं का? टेबल काढताना?"

"घंटीचं बटन होतं. लटकून होतं. चांगलं होतं म्हणून वायर कापून दाराले लावलं." मग त्याने चौकटीकडे बोट केलं. "लोक येऊन राह्यले होते ना रोज. पण वाजतच नाई साली."

वहिनी, घंटी वाजणार कशी, ती तर केव्हाची जळलेली आहे. पण त्या दारावर तुझं बटन होतं. सातव्या दिवसापासून जो कोणी आला त्याने ते दाबलं. भन्तेजींनी दाबलं, तुझ्या माहेरच्यांनी दाबलं, शाळेच्या बाईंनी दाबलं, आणि चंद्रपूरच्या त्या माणसानेही आत येण्याआधी तेच दाबलं, आणि मग आत येऊन बोर्ड गेला म्हणाला. सगळी सावली तुझा कॉम्प्युटर सुरू करायला येऊन गेली, फक्त तार जोडलेली नव्हती. मी दारातच खाली बसले आणि इतकी हसले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं मला आता रडू फुटलं. तेही होतंच त्यात.

भाऊला कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला. "मीच बंद केलं काय तिचं?" मी म्हटलं, बंद तिनंच केलं होतं, नीट, सेव्ह करून. भाऊ, तू फक्त बटन हलवलंस. मेन बंद केला, चौकटीवरून बटन उतरवलं, आणि भाऊनेच तारांची टोकं दातांनी सोलली, पीळ दिला, चिकटपट्टी गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तुझ्या कामाला हात लावला. मी बॅटरी धरली. "वायरकडं धर ना," तो म्हणाला.

मग मेन सुरू करून बटन त्यालाच दाबायला लावलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर तुझा तो धानाच्या बांधीचा फोटो आला. भाऊ उठून मागच्या दाराने निघून गेला. विहिरीवर तोंड धूत असल्याचा आवाज येत होता.

मी फाइल उघडली. आणि तू खोटं बोलली होतीस. पहिल्या पानावर नाव तसंच होतं. तसंच कुठलं, आधी होतं त्याच्या दुप्पट अक्षरांत होतं. नाटकाच्या नावापेक्षाही मोठं. 'काढलं' म्हणालीस तेव्हा तू हे करून बसली होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस, कारण बघितलं असतंस तर हसू आलं असतं. मी ते माझं नाव बोटाने पुसल्यासारखं चाचपलं आणि तुला मोठ्याने शिव्या दिल्या, चांगल्या, आपल्या घरच्या. तुझे आभार कसे मानायचे हे मला अजून माहीत नाही. तुला ते आवडलेही नसते.

आज सकाळी मॅनेजरचा फोन आला. सुरुवातीला दुःख व्यक्त केलं, मनापासून केलं. मग म्हणाला, "तिसरा अंक भेटला का मायाबाई? अन् ते नावाचं बदलायचं राह्यलं होतं."

मी म्हटलं, "अंक आहे. रविवारी घेऊन येते. नाव बदलत नाही."

"मंडळं घेनार नाई, सांगतो मी."

"नाही घेतलं तर नाही घेतलं. दोन अंक तुमच्याकडे आहेत, तिसरा माझ्याकडे. त्या दोन्हींवर कुणाचं नाव टाकायचं ते तुम्ही ठरवा. तिसऱ्यावर वहिनीनं ठरवून ठेवलं आहे."

तो फोनवर खाकरला. मग म्हणाला, रविवारी या, पाहू. पाहू म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्याने नाही म्हटलं तर दुसरी कंपनी बघेन. वडशाला कंपन्यांचा दुष्काळ नाही आणि मला वाक्यं पुरवायची सवय आहे, त्यालाही पुरवेन. नाटक उभंच राहिलं नाही असंही होईल. ती भीती आहे, ती मी लपवत नाही. पण तुझं टाइप केलेलं मी खोडणार नाही.

भाऊला दाराला नवं बटन हवं आहे. मी नको म्हटलं. आपल्या घरी यायचं असेल त्याने हाक मारावी. तुझं बटन परत टेबलाखाली गेलं, डावीकडे, भाऊने दोन स्क्रू लावून घट्ट बसवलं. आज ते दाबताना माझा हात आधी डब्यावरच्या बटनाकडेच गेला. होईल सवय.

लोक अजून येतात. ओट्यावर बसतात आणि सुस्कारा सोडून म्हणतात, गेली बिचारी. बिचारी म्हटलेलं तुला खपलं नसतं, आणि गेली म्हटलेलं मला खपत नाही. मी त्यांना आत नेते, पडद्यावरचं पान दाखवते. नायिका पंचांसमोर उभी आहे आणि म्हणते, 'तुम्ही म्हणता मी घर सोडलं. घर मी नाई सोडलं. घरानं' आणि पुढे कोरं. त्या दिवशी पुढचं मी काय सांगितलं होतं ते मला आठवत नाही. तुला ऐकू आलं होतं का तेही माहीत नाही. मी लोकांना सांगते, संगीतावहिनी इथे थांबली, तिसऱ्या अंकात, अठराव्या पानावर, 'घरानं' या शब्दावर. ते एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं माझं डोकं फिरलं.

ते गेले की मी तुझ्या खुर्चीवर बसते. माझी बोटं हळू चालतात, एकेक अक्षर शोधावं लागतं, आणि पात्रं सुरुवातीला गप्प होती. मग मी चुलीपाशी गेले, मोठ्याने बोलले, धावत परत आले आणि बोललेलं टाइप केलं. असं दुपारभर चाललं आहे, चूल ते टेबल, टेबल ते चूल. 'घरानं' च्या पुढे आता साडेचार ओळी झाल्या आहेत.